जावईबापूंचा टिळा

यंदा खंडेनवमीला आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी हळद-कुंकू आणलं नाही. इन्फेक्शन कंट्रोलच्या बाईंना फार आनंद झाला असेल. मला नाही झाला. मी माझं भुलीचं मशीन पुसलं, डबा उचलला आणि चिंचवडहून सांगवीला घरी आले. वाटेत जिकडं बघावं तिकडं माळा. लेथला माळ, टेम्पोच्या बंपरला माळ, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरलासुद्धा झेंडूची माळ. एवढ्या सगळ्या पट्ट्यात एकच मशीन बिनटिळ्याचं राहिलं आणि ते आमचं.

सर असते तर त्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं असतं.

सर म्हणजे आमचे हाडांचे सर्जन. मी भूलतज्ज्ञ, पेशंटचे नातेवाईक मला ‘भूलवाल्या मॅडम’ म्हणतात, म्हणोत बापडे. आमची दोघांची सगळी ओळख हिरव्या पडद्याच्या आरपारची. पेशंटच्या डोक्याशी मी, गुडघ्याशी ते, मध्ये पडदा. सर्जनचा हसरा फोटो जगाला चौकातल्या बोर्डावर दिसतो. आम्हाला त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि तोंडातल्या शिव्या ऐकू येतात. सरांच्या शिव्या टूलरूममधल्या होत्या, कारण वडील पिंपरीच्या एका कंपनीत, साचे-हत्यारं घडवतात त्या टूलरूमला होते आणि सर त्यांचा डबा पोचवत मोठे झाले होते. पेशंट जागा असेल तर त्या शिव्या ते पुटपुटत द्यायचे, एवढीच काय ती सभ्यता.

दिसायला बुटके, आवाज घोगरा, चष्मा दोरीनं मानेला बांधलेला. हात मात्र लहान. सिस्टर लोकांना जो साडेसहाचा ग्लोव्ह लागतो तोच सरांना लागायचा आणि त्याबद्दल कुणी हसलेलं त्यांना खपत नसे. नव्या सिस्टरनं चुकून साडेसातचा पुढं केला की म्हणायचे, “हे काय, माझ्या सासऱ्याचे आणलेस?” वर्षानुवर्षं ब्रशनं घासून ते हात बायकांसारखे मऊ झाले होते. एरवी माणूस असा की बाभळीचं खोड बरं.

त्यांच्या ओपीडीबाहेर चपला काढाव्या लागत. स्वच्छतेसाठी नाही, वाचायला. सर मधूनच बाहेर येत, उकिडवे बसत आणि एकेक चप्पल उलटी करत जात. तळ कुठल्या बाजूनं झिजलाय ते बघायचं, मग मान वर करून, “ही कुणाची?” आता उलटी चप्पल म्हणजे घरात भांडणं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. पेशंटच्या बायका, सासवा हळूच पुढं होऊन चपला सरळ करायच्या. सर परत आले की आगडोंब. “कुणी सरळ केल्या? अहो, भांडणं तुमच्या घरात आधीपासून आहेत, माझ्यामुळं काय वाढणार आहेत?”

चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करणारा, मूळचा बीडकडचा एक माणूस आला होता. गुडघा सुजलेला. तो खुर्चीत टेकायच्या आधीच सर म्हणाले, “उजव्या पायानं पेडल मारतोस. सगळा भार डाव्यावर घेऊन शिफ्टभर उभा.” तो गडबडला. “सायेब, तुमाला कुणी सांगितलं?” “तुझ्या स्लीपरनं,” सर म्हणाले. मग त्याच्याच फोनवरून त्याच्या सुपरवायझरला फोन लावला. मी तिथंच होते, एका केसबद्दल विचारायला गेले होते. “ह्याचा गुडघा कशाला बदलू? तुमच्या पेडलची बाजू बदला.” सुपरवायझर म्हणाला असावा की लाईन तशीच बसवलेली आहे. सर ओरडले, “मग ह्याचे पायही तसेच बसवून आणू का, राव?” फोन आपटला. पेशंटचा होता, बिचाऱ्यानं उचलून काच तपासली.

आणि थिएटरमध्ये हाडाचं कटिंग चालू असताना कुणी ब्र काढायचा नाही. गाणी नाहीत, गप्पा नाहीत. नवा सांधा बसला, गुडघा वाकवून-सरळ करून मनासारखा झाला की मग त्यांचा आवाज यायचा, “हं, बोला आता. कुणाच्या घरी काय भाजी?” सगळ्यांनी सांगायचं. सिस्टरनं, वॉर्डबॉयनं, मी, अगदी जागा असेल तर पेशंटनंसुद्धा. शेपू म्हटलं की तोंड वाकडं करायचे. ती भाजीची विचारपूस ऐकली की आम्ही समजायचो, आजचा गुडघा चालणार.

मग आमच्याकडं रोबोट आला.

चौकात बोर्ड लागला, एका नगरसेवकानं फीत कापली, पेढे वाटले. सर फोटोत उभे राहिले नाहीत. “नाकापेक्षा मोती जड,” एवढंच म्हणाले आणि कॅन्टीनला गेले. दुसऱ्या दिवशीपासून त्याला जावईबापू म्हणू लागले. “बघा ना, ह्याला खोली गार पाहिजे. ह्याच्याबरोबर ह्याचा माणूस येणार, कंपनीचा, तो सांगेल तसंच सगळ्यांनी वागायचं. जरा कुणाचा धक्का लागला की हा रुसणार. आणि घरात काम काय करतो विचाराल तर अर्धा तास.” आमच्यात त्या यंत्राचं मूळ नाव कुणी घेतलंच नाही त्यानंतर. कंपनीचा इंजिनियरसुद्धा विसरून एकदा म्हणाला, “सर, जावईबापू रेडी.”

हे यंत्र स्वतः काही कापत नाही, हे आधी सांगायला हवं. लोकांना तसं वाटतं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात खुंट्या मारायच्या, त्या खुंट्यांवर चकाकणारे छोटे गोळे. खांबावर एक आडवा कॅमेरा, त्याला माणसासारखे दोन डोळे, ते डोळे सतत त्या गोळ्यांकडं बघतात. त्यावरून हाड या क्षणी नेमकं कुठं आहे ते यंत्राला कळतं आणि त्याच्या पडद्यावर दिसतं. करवत यंत्राच्या हाताला बसवलेली, पण तो हात धरून चालवायचा सर्जननंच. ठरवलेल्या रेषेच्या बाहेर न्यायला गेलं की हात अडतो, पुढं जातच नाही. हात सर्जनचा, कुंपण मशीनचं.

हिंजवडीकडची मंडळी आई-वडिलांना घेऊन यायची आणि विचारायची, “डॉक्टर, पूर्ण रोबोटच करेल ना? तुम्ही हात नाही ना लावणार?” चिखली-मोशीची जुनी गाववाली माणसं उलट विचारायची, “मशीन तर न्हाई ना हात लावनार?” सर दोघांनाही एकच उत्तर द्यायचे. “मशीन माझा हात धरतं. मी तुमचा गुडघा धरतो.” 

पहिलं वर्षभर त्यांनी जावयाला सासऱ्यानं वागवावं तसंच वागवलं. वरकरणी मान, आतून नाराजी. बऱ्याच केसेस ते जुन्याच पद्धतीनं, हाताच्या करवतीनं करायचे आणि इंजिनियरकडं बघत म्हणायचे, “उन्नीस-बीसचा फरक, राव.” मग एकदम काय झालं कोण जाणे, त्यांनी जावयाशिवाय केस घेणंच सोडलं. चीर द्यायचं काम आणि शेवटी शिवायचं काम त्यांच्या असिस्टंट डॉक्टरवर सोपवलं. मधलं कटिंग तेवढं सर करायचे, यंत्राचा हात धरून. जावईबापूंना जरा सर्दी झाली तरी केस पुढं ढकलायचे. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला अखेर मशीनचं महत्त्व पटलं. मलाही तसंच वाटलं.

थिएटरच्या चेंजिंग रूमबाहेर आमच्या निळ्या स्लीपर असतात, ज्याच्या त्याच्या नावाच्या. एकदा माझी सापडेना म्हणून मी सगळ्या खालीवर करत होते. सरांची हातात आली आणि थांबले. उजव्या स्लीपरचा चवड्याकडचा भाग घासून पातळ झाला होता. डावी ठीक. एवढी वर्षं त्यांच्या ओपीडीत नुसती उभी राहूनही माणूस थोडंफार वाचायला शिकतो. पाय उचलला जात नाही, ओढला जातोय. मग एकेक आठवायला लागलं. चहाचा कप ते हल्ली डाव्या हातानं घेतात. सह्या बारीक होत चालल्यात.

ते बाहेर आले तेव्हा मी ती स्लीपर उलटी करून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, “ही कुणाची?”

सरांनी स्लीपरकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. बाकावर बसले. “भांडणं होतील घरात, सरळ करा ती,” म्हणाले. मग हात पुढं केला, उजवा, तळवा खाली. काही वेळ तो नीट राहिला आणि मग अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखं हलायला लागलं, जसं आपण कुंकू चिमटीत घेतो तसं. “न्यूरोच्या डॉक्टरला दाखवलंय. गोळ्या चालू आहेत. कंप आहे, नाव तुम्हाला माहीत आहे.”

मी संतापले. खरं सांगते, दया-बिया काही आली नाही, आधी संतापच आला. “आणि तुम्ही करवत धरताय?”

“जावईबापू धरतायत,” सर म्हणाले. “मॅडम, तुम्ही पलीकडून बघता ना रोज. रेषेच्या बाहेर एकदा तरी गेलोय का?”

गेले नव्हते. ते मीही बघितलेलं होतं, खोटं कशाला बोलू. यंत्राच्या हातात त्यांचा हात गेला की कंप कुठच्या कुठं जायचा. जो काही उरायचा तो कुंपणाशी अडायचा. आणि कुठला गुडघा किती ताठ, किती सैल ठेवायचा ह्याची त्यांची समज अजून कुणाला आलेली नव्हती. हॉस्पिटल ज्यांचं त्यांनाही सरांनी जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “मशीन आहे ना? मग झालं.” मला विचाराल तर त्या वाक्यासारखं निर्दय वाक्य मी आयुष्यात कमी ऐकलंय. म्हणणाऱ्याला ते दिलासा वाटलं असणार.

आमचं त्या बाकावर ठरलं ते एवढंच. जावई असेल तरच सर कापणार. ज्या दिवशी तो मध्येच बंद पडेल त्या दिवशी सर हात मागं घेणार, करवत असिस्टंटकडं जाणार, तिथल्या तिथं. “आणि तुम्ही नाही घेतलात मागं तर?” मी विचारलं. सर्जनची जात मला माहीत आहे. सुंभ जळेल, पीळ नाही जायचा.

“तर तुम्ही पलीकडून म्हणायचं, ‘बास, सर.’ एवढे दोनच शब्द. मी ऐकेन.”

“ऐकाल?”

“शिव्या देईन. पण ऐकेन.”

त्यानंतर पडद्यापलीकडं बसणं मला जड जायला लागलं. प्रत्येक केसला माझी एक नजर मॉनिटरवर, एक त्या हातावर. ते दोन शब्द मी जिभेखाली धरून बसायची आणि संध्याकाळी तसेच घरी घेऊन यायची.

खंडेनवमीचं त्यांचं वेड मात्र जुनंच. वडिलांच्या टूलरूममध्ये त्या दिवशी मशीन धुऊन पुसून ठेवत, माळ घालत, टिळा लावत आणि बटण दाबत नसत. “वर्षभर ते आपल्याला सांभाळतं, एक दिवस त्याला काही मागायचं नाही,” हे वडिलांचं वाक्य सर दरवर्षी ऐकवायचे. लोखंडावर पाण्यातलं कुंकू वाळून उडून जातं, म्हणून टूलरूमची माणसं ते तेलात कालवायची. सरही तेलातच कालवून आणायचे, छोट्या डबीतून, घरून. इन्फेक्शनच्या बाईंशी दरवर्षी महाभारत. शेवटी तह झाला होता: शेवटची केस संपल्यावर, थिएटर धुवायच्या आधी, फुलं नाहीत, उदबत्ती नाही, नारळ तर नाहीच. नुसता टिळा.

आणि टिळा कुठं, तर त्या कॅमेऱ्याच्या दोन डोळ्यांच्या मध्ये. इंजिनियरनं पहिल्याच वर्षी हात जोडले होते. “सर, खाली स्टँडला लावा ना.” सर म्हणाले, “जावयाला ओवाळताना टिळा गुडघ्याला लावतात का रे तुमच्यात? कपाळ नको?” मधली पट्टी चांगली रुंद होती. अंगठ्याएवढा टिळा सहज बसायचा. बसतही आला होता.

शेवटच्या वर्षी मी शेजारीच उभी होते. सरांनी डबीत अंगठा बुडवला, हात वर नेला. यंत्राचा हात तिथं धरायला नव्हता. अंगठा कपाळाशी पोचला, थरथरला आणि डाव्या डोळ्यावरून सरकत गेला. काचेवर तेलकट लाल रेघ उमटली. सरांनी खिशातून रुमाल काढला, पण इंजिनियर आधीच पुढं झाला, “राहू द्या सर, मी करतो.” त्यानं त्याच्या पेटीतला मऊ कपडा काढून काच लख्ख पुसली, दोनदा पुसली, उजेडात धरल्यासारखी मान तिरकी करून बघितली. यंत्र चालू करून एक तपासणीही करावी, असं तो म्हणाला. सर म्हणाले, “आज नाही. टिळा लागल्यावर आज त्याला काही मागायचं नाही.” 

दसऱ्यानंतरची पहिली केस चिखलीच्या मावशींची होती.

ह्या मावशी म्हणजे गावच्या जुन्या घरातल्या. शेताच्या जागी आता पत्र्याच्या शेड आणि शेडमध्ये वर्कशॉप. मावशी ओट्यावर पाय पसरून बसून सगळ्यांना दम देत असायच्या. त्यांचा उजवा गुडघा सरांनी पूर्वी हातानं केला होता, रोबोट यायच्या आधी. डावा करायचा म्हणून पोरांनी किती डॉक्टर सुचवले, बाई ढिम्म. लंगडत राहिली, पण थांबली. प्री-ऑपच्या तपासणीला आली तेव्हा मलाच दरडावून सांगितलं, “मला मशीन-बिशीन कळत न्हाई, भूलवाल्या बाई. डागदरांच्या हाताला गुन हाय. त्यांनीच हात लावला पायजे.” सर शेजारी उभे होते. हात ॲप्रनच्या खिशात.

“मीच लावणार, मावशे,” ते म्हणाले. “मशीन नुसता माझा हात धरतं.”

“धरू द्या की. पन हात तुमचा.”

“हात माझाच.”

पाठीतून भूल दिली की कमरेखालचं सगळं बधिर होतं, माणूस जागा असतो. मावशींना डोळ्यांवर दिवा सहन होईना, म्हणून मी हिरवा कपडा घडी करून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. हात दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर पसरलेले. पडद्याकडं तोंड करून त्यांनी विचारलं, “डागदर, तुमीच हाय ना?” पलीकडून घोगरा आवाज आला, “मीच आहे, मावशे. गप पड आता.” बाईंचा चेहरा सैल झाला.

असिस्टंटनं चीर दिली, गुडघा उघडला, खुंट्या बसवल्या. यंत्राच्या पडद्यावर हाड आलं. आणि हललं. म्हणजे पाय जागच्या जागी होता, पण पडद्यावरचं हाड थरथरत होतं. सर म्हणाले, “हे काय?” इंजिनियरनं पुन्हा तपासायला सांगितलं. सरांनी तपासणीच्या सळईचं टोक हाडावरच्या ठरलेल्या खुणेला टेकवलं. यंत्र म्हणालं, तू खुणेपासून लांब आहेस. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सकाळी रिकाम्या खोलीत सगळं नीट दिसलं होतं. आता हाडातले गोळे कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला आले आणि डाव्या डोळ्यातून ते फाटून दिसायला लागले. समोरून काच स्वच्छ होती, तेल पुसून पातळ पसरलं होतं. इंजिनियर स्टुलावर चढला, पुन्हा पुसलं, पुन्हा तपासलं. उतरला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “सर, ह्याच्यावर आज विश्वास नाही ठेवता येणार. कॅमेरा काढून पाठवावा लागेल.”

मला ती लाल रेघ आठवली. सरांनाही आठवली असणार, कारण ते यंत्राकडं नाही, स्वतःच्या अंगठ्याकडं बघत होते.

जुन्या पद्धतीची हत्यारं थिएटरमध्ये नेहमी तयार असतात, ती सिस्टरनं उघडली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. जगभर गुडघे अजून तसेच होतात, सरांनी स्वतः असे कितीतरी केले होते. हाडावर लोखंडी साचा ठोकायचा, त्याच्या फटीतून करवत चालवायची. फक्त ती करवत आता धरायची होती हातानं, कुंपणाशिवाय.

सरांनी करवत मागितली.

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मग दिली. करवत हातात आली आणि तिचं टोक पंख्याखालच्या कागदासारखं हलायला लागलं. साच्याची फट किती बारीक असते! टोक फटीशी जायचं, बाजूला जायचं. खोलीतल्या सगळ्यांना पहिल्यांदाच ते उघडं दिसलं आणि सगळे भिंतीकडं, घड्याळाकडं, कुठंतरी बघायला लागले. मी ते दोन शब्द जिभेवर आणले. आले नाहीत. ह्या माणसाला मी काय सांगणार होते? त्याच्याकडं एकच गोष्ट होती, ती मी काढून घ्यायची होती.

सरांनी मान वर केली. हिरव्या पडद्याच्या वर त्यांचे डोळे दिसत होते.

“म्हणा की, मॅडम,” ते हळू म्हणाले.

“बास, सर.”

शिवी दिली नाही. त्यांनी करवत असिस्टंटच्या हातात दिली, आपली जागा त्याला दिली आणि काही वेळ त्याच्या मागं उभे राहिले. पोरगा चांगला होता, सरांनीच घडवलेला. साचा बसवताना त्यानं मागं बघितलं, सरांनी नुसती मान हलवली. तोंडानं एक शब्द काढला नाही. मावशी ऐकत होत्या ना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींच्या कॉटवर बसून सगळं खरं सांगितलं, ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे आम्ही म्हातारीला फसवलं असं कुणी म्हणायला नको. “करवत माझ्या हातात नव्हती, माझा हात कापतो, असिस्टंटनं केलं,” सगळं. मावशींनी ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाल्या, “बघ, किती मोठा मानूस, पन मोठेपना न्हाई घ्यायचा.” त्यांचं मत काही बदललं नाही. त्या आता दोन्ही गुडघ्यांवर ओटाभर फिरतात. सरांनी त्या दिवसानंतर थिएटरमध्ये पाय ठेवला नाही. कॅमेरा दुरुस्त होऊन आला, जावईबापू आता दुसऱ्याच्या हाताखाली नांदतायत. सर घरी असतात, प्राधिकरणात. मी गेले होते मागं. बोलणं फार कमी झालंय. निघताना माझी चप्पल शोधली तर दाराशी सरळ ठेवलेली होती. ते बघून मी जिन्यात रडले.

पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते त्या दिवशीचं.

करवत सुरू झाली होती, ठोकाठोकीचा आवाज येत होता. मावशींना दुखत नव्हतं, पण आवाजानं जीव घाबरा होतोच. फळीवर त्यांची बोटं काहीतरी शोधल्यासारखी उघडमीट करत होती. मी औषध भरत होते, माझे हात मोकळे नव्हते. सर वळून आमच्या बाजूला आले. ह्या बाजूला ते कधी येत नसत. त्यांनी ग्लोव्ह काढून बादलीत टाकले, माझं स्टूल ओढलं, बसले आणि आपला उजवा हात मावशींच्या हातात दिला. मावशींनी तो घट्ट धरला. तो हात त्यांच्या मुठीतही थरथरत होता. फळी हलताना मला दिसत होती.

मावशींनी अंगठ्यानं तो हात चाचपला. लहान, मऊ हात.

“कोन गं? शिस्टर व्हय?” त्या म्हणाल्या. “आगं, किती कापतीस! पयल्यांदाच आलीस का हितं?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. बोलायची सोय नव्हती, आवाज ओळखला असता.

“भिऊ नगं, बाळ,” मावशी म्हणाल्या आणि दुसरा हात फळीवर बांधलेला, म्हणून ह्याच हातानं थोपटल्यासारखं करत राहिल्या. “डागदर हायेत की तिकडं. त्यांच्या हाताला गुन हाय.”

पलीकडं नवा सांधा बसला. असिस्टंटनं गुडघा वाकवला, सरळ केला. भाजीचं कुणी विचारलं नाही.

“नवीन हाय का गं ही, भूलवाल्या बाई?”

“हो, मावशी,” मी म्हटलं. “नवीन आहे.”

टाके संपेपर्यंत सरांनी हात काढून घेतला नाही.